नऊ चिमट्यांचा निळा

रंगाईच्या शेडमध्ये घड्याळ टिकत नाही. मास्तरांनी भिंतीवरची तीन आणि मनगटावरचं एक अशी चार घड्याळं वाफेत घालवली आणि मग तो नाद सोडून दिला. तसेही त्यांचे दोन्ही हात दिवसभर रबरी हातमोज्यांत, कोपरापर्यंत रंगात. वेळ बघायला मान वळवावी, तर तेवढ्यात सुताची एखादी लडी काठीवरून घसरून टाकीच्या तळाशी जाते आणि डागाळते. म्हणून इथे वेळ मोजायची ती गाण्यांवर. भिंतीला एक दोरी बांधलेली होती, तिच्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. टाकीत सोडा पडला की गाणी सुरू करायची आणि एक गाणं संपलं की एक चिमटा डावीकडून उजवीकडे सरकवायचा. फिका पिवळा चार चिमटे, विटकरी सहा, गडद निळा नऊ. ही पद्धत मास्तरांना त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी घालून दिली. आबांना कोणी दिली हे विचारायचं राहूनच गेलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सूत रंगवणारे. पण गेली सदतीस वर्षं अख्खा बाजार त्यांना मास्तरच म्हणत आलेला, त्यामुळे घरची माणसंही तेच म्हणायला लागली होती. त्यांचं नाव झालं ते डोळ्यामुळे. ओलं सूत नेहमी गडद दिसतं, वाळलं की उतरतं. किती उतरेल हे कळायला म्हणे मास्तरांचाच डोळा लागतो. शेवटचा चिमटा सरकला की मास्तर एक लडी काठीवर उचलून दाराच्या उजेडात धरत, एक डोळा बारीक करत आणि हळूच मान हलवत. बघणाऱ्याला वाटावं, माणूस सुताशी काहीतरी बोलतोय. मास्तरांनाही तसंच वाटायचं, ही गंमत.

पण डोळा हा या घरातला जुना दुखरा विषय होता. आबा एकसष्टाव्या वर्षी एका सकाळी हिरवी लॉट रंगवायला बसले आणि त्यांनी ती अख्खी निळी करून ठेवली. वर शपथेवर सांगू लागले, हिरवीच आहे म्हणून. चार माणसांना बोलावून दाखवली, चारही माणसं खाली बघायला लागली. तेव्हा आबांनी हातमोजे काढले, धुतले, खुंटीला लावले आणि परत कधी टाकीपाशी उभे राहिले नाहीत. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस झिजते, रंग ओळखू येत नाहीत, एरवी दिसायला काही त्रास नाही. आणि हे घराण्यात चालतं. शेवटचं वाक्य मास्तरांनी तेव्हा बत्तिसाव्या वर्षी ऐकलं आणि कानाआड केलं. आता ते एकोणसाठ वर्षांचे होते आणि ते वाक्य गेल्या महिन्यापासून रोज पहाटे त्यांच्या उशाशी येऊन बसत होतं.

झालं होतं असं. दीड महिन्यापूर्वी शेडमधला जुना टेपरेकॉर्डर बसला. त्याच्याबरोबर मास्तरांच्या उमेदीच्या काळातल्या पंचवीस-तीस कॅसेटही पडून राहिल्या. मास्तरांची लेक दोन वर्षांपासून शेडमध्ये काम करत होती. रंगाची पूड तोलणं, सूत भिजवणं, वाळत घालणं हे तिच्याकडे, टाकी आणि चिमटे मास्तरांकडे. घरात तिला टकळी म्हणायचे, कारण तिच्या तोंडाला विसावा म्हणून ठाऊक नव्हता. तिने दुसऱ्याच दिवशी मुठीएवढा एक स्पीकर आणला. पाण्यात पडला तरी त्याला काही होत नाही, म्हणाली. आणि मग स्पीकर तिचा, फोन तिचा, म्हणून गाणीही तिचीच.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला.

"हे गाणं आहे? कोणीतरी पत्रा ठोकतोय."

"पत्रा नाही, ताल आहे तो. तुमच्या गाण्यांत सुरुवातीला पाच मिनिटं नुसती वाजवावाजवी असायची, त्याचं काय?"

"ती गाण्याची बैठक असते. माणूस घरात आला की आधी चप्पल काढतो, पाणी पितो, मग बोलतो. तुमचा गायक दार ढकलून थेट स्वयंपाकघरात."

"निदान कामाचं बोलून निघतो तरी."

असं चालायचं. जेवायला घरी गेले की आबाही वादात उतरायचे. त्यांच्या मते दोघांच्याही काळात गाणं नावाची गोष्ट नव्हतीच. गाणं जे काय होतं ते आबांच्या लग्नाआधी होतं. त्यानंतर सगळा गोंगाट. तिघंही आपापल्या ताटावर वाकून एकमेकांच्या गाण्यांची सालटी काढत आणि मास्तरांची बायको, या घरातली एकटी शहाणी, आमटी वाढून स्वयंपाकघराचं दार लावून घेई. मास्तर तोंडाने कितीही बोलले तरी त्यांनी स्पीकर बंद कर असं लेकीला एकदाही सांगितलं नाही. शेजारपाजारची मुलं थंडगार कचेऱ्यांत बसत होती आणि ही पोरगी आपण होऊन या वाफेत उभी राहत होती. ती टिकावी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी पत्रा ऐकायची त्यांची तयारी होती.

आणि त्यानंतर लॉट परत यायला लागल्या.

आधी मोजेवाल्याची आली. विटकरी फिका आलाय म्हणाला. मास्तर म्हणाले, पुडीचा दोष. नवी पूड आणली. मग गालिचेवाल्याचा पिवळा परत आला. मास्तर म्हणाले, पाण्याचा दोष. पाणी तपासून घेतलं, पाणी स्वच्छ. मग पडदेवाल्या बाईंचा निळा आला.

पडदेवाल्या बाई साध्यासुध्या गिऱ्हाईक नव्हत्या. एका सभागृहाच्या मोठ्या पडद्याचं काम त्यांच्याकडे होतं. अर्धा पडदा विणून तयार, तो मास्तरांच्याच जुन्या निळ्या सुतातला. उरलेल्या अर्ध्यासाठी तोच निळा हवा होता. बाईंनी नवं सूत विणलेल्या कापडावर ठेवलं आणि मास्तरांकडे बघितलं. आंधळ्यालाही दिसला असता एवढा फरक होता.

"मास्तर, भांडायला नाही आले," बाई म्हणाल्या. "वीस वर्षांचा व्यवहार आहे आपला. पण शुक्रवारपर्यंत हा रंग जुळला नाही तर मला गिरणीत जावं लागेल. तिकडे मशीनवर जुळवून देतात."

"शुक्रवारी घेऊन जा," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीचाच काढला. बाई गेल्यावर मात्र सोड्याच्या पिंपावर बसले.

पुडीचा दोष नव्हता, पाण्याचा नव्हता, सुताचा नव्हता. चिमटे तर त्यांनी स्वतःच्या हाताने सरकवले होते, बरोबर नऊ. मग उरलं काय? ओली लडी दाराशी धरून ज्याने मान हलवली, तो डोळा. त्याला टाकीपाशी गडद दिसलं होतं. तिथे नसलेला रंग त्याला दिसला होता. आबांना दिसला होता तसाच.

त्या दिवसापासून मास्तर चोरासारखे स्वतःची परीक्षा घेऊ लागले. रस्त्याने जाताना समोरच्या दाराचा रंग मनात ठरवायचे आणि मग कोणाला तरी आडून विचारायचे. बायकोला विचारलं, "ही चादर कुठल्या रंगाची गं?" ती म्हणाली, "तुम्हीच रंगवलीत की. मला काय विचारता?" डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पायरीपर्यंत दोनदा जाऊन परत आले. आत गेलं असतं तर खरं कळलं असतं, आणि खरं कळायचीच तर भीती होती. दुसरीकडे लेकीची बडबडही बंद पडली होती. दिवसदिवस गप्प. मास्तरांना वाटलं, तिलाही कळलंय, फक्त बोलवत नाहीये. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. शुक्रवारचा निळा जुळला नाही तर सोमवारपासून टाकी बंद. आपल्यासमोरही चार माणसांनी खाली बघण्याआधी आपणच हातमोजे काढलेले बरे.

गुरुवारी दुपारी निळा टाकीत गेला. पूड लेकीने तोलली. एकदा तोलून झाली, पुन्हा तोलली, आणि तिसऱ्यांदा तोलायला घेतली तेव्हा मास्तर म्हणाले, "सोनं आहे का ते?" मीठ पडलं, सोडा पडला, गाणी सुरू झाली. पहिला चिमटा सरकला.

घरात त्या दिवशी नळ दुरुस्त करणारे आले होते. त्यांच्या ठोकाठोकीला कंटाळून आबा काठी टेकत शेडमध्ये आले आणि दारात खुर्ची टाकून बसले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांना रंग कळत नाही, पण कान तिखट. तिसऱ्या गाण्याला त्यांनी तोंड वाकडं केलं, पाचव्याला खुर्ची दूर सरकवली. नवव्याला राहवलं नाही.

"अगं टकळे, हे गाणं संपलं की मेलं?"

बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. "संपलं, आबा."

"एवढ्यात? अजून तर कोणी धड गायला लागलं नव्हतं."

"दोन मिनिटं पस्तीस सेकंद," लेक म्हणाली. तिने फोनच पुढे केला. "आजकाल एवढीच असतात. उगाच पाल्हाळ नाही. बाबांचं लाडकं गाणं सव्वापाच मिनिटांचं आहे. मी मुद्दाम बघून ठेवलंय वादात सांगायला. त्यातलं पहिलं सव्वा मिनिट नुसती बासरी."

"त्याच्या गाण्यांचं मला सांगू नकोस," आबा म्हणाले. "तो नवा नवा इथे आला आणि ती लांबलचक गाणी लावायला लागला, तेव्हा माझ्या निळ्याची शाई करून ठेवली होती त्याने. काळाकुट्ट. आमची गाणी कशी, साडेतीन मिनिटांच्या आत आटोपशीर. चौदा चिमट्यांचा निळा होता माझा. याच्या गाण्यांपायी नऊवर आणावा लागला."

मास्तरांनी तेव्हाच नववा चिमटा सरकवला होता. काठी लड्यांखाली घातली होती, सूत अर्धं पाण्याबाहेर आलं होतं. ते तसेच थांबले. काठीवरून निळं पाणी ठिबकत राहिलं.

"आबा, काय म्हणालात?"

"काळाकुट्ट म्हणालो. विसरलास? तीन दिवस बोललो नव्हतो तुझ्याशी."

मास्तर खरंच विसरले होते. विशीतलं पोर, बापाची बोलणी खाल्लेली. असलं कोण लक्षात ठेवतं? त्यांच्या डोक्यात राहिला तो नऊचा आकडा, जणू आकाशातूनच पडलेला. त्यांनी काठी अलगद खाली घेतली. सूत पुन्हा पाण्यात बुडालं. मग ते मनातल्या मनात हिशेब करायला लागले आणि दोनदा चुकले.

नऊ गाणी सव्वापाचाने, म्हणजे पाऊण तासाच्या वर. नऊ गाणी अडीच-पावणेतीनने, म्हणजे जेमतेम पंचवीस मिनिटं. दीड महिना ते सूत निम्म्या वेळात टाकीबाहेर काढत होते. रंग सुतावर बसायला लागायचा आणि हे त्याला हात धरून उठवायचे.

आणि एवढा फरक त्यांना कळला कसा नाही? कळणार कसा? ज्या गाण्यांचा माणसाला मनस्वी कंटाळा, ती कधी लवकर संपतात का? लेकीची नऊ गाणी मास्तरांना दीड तासाची वाटायची. नववं संपलं की ते सुटकेचा श्वास टाकून लड्या उपसायचे. सूत पिकलंय की कच्चं आहे हे बघण्यापेक्षा पत्रा थांबला याचाच आनंद जास्त.

"बाबा, काढायचं ना?" लेकीने विचारलं. "नऊ झाले."

"नाही," मास्तर म्हणाले. "लाव पुढची. आणखी नऊ लाव. तुझीच लाव."

लेकीने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू बापाला वाफ चढली असावी. पण गाणी लावली. मास्तर पुढची नऊ गाणी टाकीपाशी उभे राहून काठ्या फिरवत होते, आणि आबांनी नंतर घरी सांगितलं की बारा-तेराव्या गाण्याला त्याची मान तालावर हलत होती. मास्तरांनी ते साफ नाकारलं.

अठराव्या चिमट्याला सूत बाहेर आलं. मास्तरांनी सवयीने एक लडी दाराशी धरली, एक डोळा बारीक केला. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच कळत नाहीये. ओलं सूत होतं, गडद होतं, बस्स. परवाचंही असंच दिसलं होतं. सदतीस वर्षं लोक ज्याला मास्तरांचा डोळा म्हणत होते, तो निम्म्याहून जास्त त्यांचा कान होता. मान हलवण्याचं काम तेवढं डोळा करत होता. एरवी हे त्यांच्या जिव्हारी लागलं असतं. त्या दुपारी त्यांना त्याचं हसू आलं, आणि मग एकदम रडूही येईल असं वाटलं, म्हणून ते हातमोजे धुवायला मागे गेले.

पण रंग वाळल्याशिवाय खरं नव्हतं. शुक्रवारी सकाळी सूत वाळलं तरी मास्तर त्याच्या जवळ गेले नाहीत. लेकही दोरीपासून दहा पावलांवर काहीतरी झाडत राहिली. तिथे झाडण्यासारखं काही नव्हतं.

बाई अकराला आल्या. विणलेल्या पडद्याचा तुकडा त्यांनी शेडबाहेर उन्हात टेबलावर पसरला, लडीतला हातभर धागा काढला आणि कापडावर ठेवला. चष्मा लावून बघितलं. चष्मा काढून बघितलं. मग बोटांनी कापड चाचपायला लागल्या.

"काय झालं?" मास्तर पुढे झाले.

"अहो, धागा कुठे गेला?" बाई म्हणाल्या. "आत्ता तर ठेवला होता."

धागा कापडावरच होता. दिसत नव्हता, इतकंच. मास्तरांना मात्र दिसला. त्यांनी वाकून तो बोटाच्या चिमटीत उचलला आणि बाईंच्या हातात दिला. छातीवरचं मणभर ओझं कोणीतरी उतरवून घेतलं असं त्यांना वाटलं. बाईंनी गाडीत सूत भरलं, मधे काय झालं होतं म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, "गाण्यांचा घोटाळा." बाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्या घाईत होत्या.

गाडी गेल्यावर मास्तर शेडच्या पायरीवर बसले. लेक येऊन शेजारी बसली.

"तुला एक सांगायचंय," मास्तर म्हणाले. "मला वाटलं होतं, माझे डोळे गेले. आबांसारखे. महिनाभर झोप नाही मला. आईला सांगू नकोस."

लेक पायाच्या बोटांकडे बघत होती. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते बाहीने पुसलं, बाहीवर निळा होता तो गालाला लागला.

"मला वाटलं, माझंच तोलणं चुकतंय," ती म्हणाली. "पहिली लॉट परत आली तेव्हापासून. तुम्ही पुडीला नाव ठेवलंत, पाण्याला ठेवलंत, मला एका शब्दाने बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मला पाठीशी घालताय. मी तीन-तीनदा तोलत होते, बाबा. तरी फिकाच. म्हटलं, हे काम आपलं नाही. उगाच तुमचं नाव घालवतेय. एका दुकानात जागा आहे, तिथे बोलून आलेय मी. सोमवारी मी येणार नव्हते."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. दीड महिना ही पोरगी त्यांच्यापासून पाच पावलांवर उभी राहून हेच भोगत होती, आणि आपण तिच्या गप्प राहण्याचा अर्थ भलताच लावला. याची लाज त्यांना डोळ्यांच्या भीतीपेक्षाही जास्त वाटली.

"मी पण," ते म्हणाले.

"तुम्ही पण काय?"

"सोमवारी मी पण येणार नव्हतो."

लेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, ते थांबेना, आणि तिचं बघून मास्तरांनाही आवरेना. हसता हसता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या दुकानवाल्याला कळव, येत नाही म्हणून," ते म्हणाले. "आणि सोमवारी लवकर ये. मोजेवाल्याचं सूत पुन्हा टाकीत घालायचंय."